लाँचवरच्या भोंग्याचं गाऱ्हाणं

"घसा फाटस्तोवर वरड बाबा, पर उगाच वरडू नगंस."

बारामतीच्या एका लहानशा कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळताना बानूबाई असं म्हणाली होती. तो आवाज अजून माझ्या पत्र्यात आहे.

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. तांब्याचं आतडं, पत्र्याचं तोंड. १९९१ साली भिगवणला, उजनीच्या पाण्यावर माणसं ने-आण करणाऱ्या लाँचवर मला बसवलं. इंजिन फार तापलं की ओरडायचं, एवढंच माझं काम. पहिल्या वर्षी दोनदा ओरडलो. दोन्ही वेळा लाँच चालवणाऱ्या चाँदभाईंनी सुकाणूच्या चाकावरून धावत येऊन इंजिन बंद केलं. लोकांनी मला हळदकुंकू लावलं.

चार वर्षांनी मात्र मी विनाकारण ओरडू लागलो. इंजिन कोमट, तरी माझं आपलं चालूच. थांबावं म्हटलं तरी थांबता येईना. फार थकलो, मित्रांनो. मासळीची पाटी घेऊन बसणारी सारजा म्हणायची, "ह्याला सासुरवास हाय जणू. सकाळधरनं रडतंय." माणसं हसायची. चाँदभाई मागं वळूनही बघत नसत. "भाई बघा कसे ढिम्म हायती," सारजाच कौतुकानं सांगायची, "खोटारड्याला भीक घालत न्हाईत."

कुणीतरी माझ्या तोंडात चिंधी कोंबली. मला एकच घोर लागला. उद्या भर पाण्यात इंजिन खरंच तापलं, तर चाळीस माणसांच्या त्या लाँचवर माझं ऐकणार कोण?

अखेर इंदापूरहून सर्जेराव मिस्त्री आले. त्यांनी आधी इंजिनावर तळहात ठेवला. मग इंजिनाचा ताप ओळखणाऱ्या पितळी बटणावरून माझी तार सोडवली. तरी मी ओरडतच होतो.

"म्हंजी ताप इंजिनाला न्हाय, तारंला हाय," ते म्हणाले.

बोटांनी चाचपत ते तारेमागं गेले. एका वळणावर हादऱ्यांनी घासून तारेवरचं रबर उडालं होतं. उघडं तांबं इंजिनाच्या लोखंडाला टेकत होतं. टेकलं की मी ओरडणार, मला घडवलंच तसं. मित्रांनो, ओरडणाऱ्याला खोटं ठरवण्याआधी त्याची तार कुठं घासतेय, तेवढं बघत जा.

सर्जेरावांनी नवी तार घातली, चिंधी काढली. आता तारेचं टोक लोखंडाला टेकवून मला वाजवून बघायचं होतं. टोक हातातच धरून त्यांनी चाकाकडं मान वर केली. "थांबा जरा, भाई. पक्कड कुठं गेली?"

चाँदभाईंनी हसून मान हलवली. "वाजतोय की. झ्याक वाजतोय."

मी तर गप्पच होतो.

सर्जेरावांनी हातातलं तारेचं मोकळं टोक वर करून दाखवलं. सारजाही पाटी सोडून उठली. चाँदभाईंनी दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं. त्यांनी चाकावरचे हात काढले.

"मिस्त्री, दोन वर्सं झाली, मला ह्याचं काय, कुणाचंच ऐकू येत न्हाय. इंजिन चालतंय का बंद हाय, त्ये तळपायाला कळतं. चाक काढून घ्याल म्हून बोललो न्हाय. उद्यापासनं दुसरा माणूस बसवा."