ईस्टरच्या सोमवारची पाणसळ

बीच लेनवर छत्तीस घरं होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर प्रत्येक घर चार तुकड्यांत ट्रकवरून आलं आणि दिवसभरात बोल्ट आवळून उभं राहिलं. दहा वर्षं टिकतील असं सांगितलं होतं, साठ झाली. आता दोनच उरली होती, एक युनिस गॅरडचं आणि शेजारचं डेझमंड पाइकचं. बाकीच्या जागी विटांचे फ्लॅट, आणि त्यांत सकाळच्या गाडीनं लंडनला कामाला जाणारी माणसं.

संग्रहालयाला यातलं एक घर अख्खं हवं होतं. डेझमंडच्या घराचा पत्रा सडला होता, म्हणजे राहिलं युनिसचं. अट एकच होती: तळ दहा मिलिमीटरहून जास्त कललेला नको. तसा असला तर उचलताना भिंती तडकणार, आणि मग तेही पाडायचं. युनिस मुलीकडे राहायला जाणारच होती. घर तेवढं भंगारात जाऊ नये, असं तिला फार वाटत होतं.

संग्रहालयाकडून मोजणीला आलेली इमोजन यंत्राचे पाय रोवत म्हणाली, "ही घरं इतकी टिकली कशी?"

"खाज," डेझमंड दारातून म्हणाला. "इथली सगळी मापयंत्रांच्या कारखान्यातली माणसं. केसाएवढा फरक दिसला की झोप उडायची."

दर ईस्टरच्या सोमवारी अख्खी गल्ली पाणसळी घेऊन बाहेर पडायची. पुरुष घराखाली सरपटत शिरायचे आणि पितळी पत्र्याचे तुकडे कोपऱ्यांखाली पाचरीसारखे सारायचे. बायका आतून पाणसळीतला बुडबुडा पाहत ओरडायच्या, "अजून, अजून, पुरे." युनिसचा नवरा सिरिल सगळ्यांत काटेकोर. त्रेसष्ट सालच्या थंडीच्या कडाक्यात त्याला ईस्टरपर्यंत धीर धरवेना. त्यानं फेब्रुवारीतच, गोठलेल्या जमिनीवर घर सरळ केलं, आणि त्याचं पाहून सगळ्या गल्लीनं केलं. मार्चमध्ये जमीन सैलावली आणि सगळी घरं एकदम वाकडी झाली.

"ताटातले वाटाणे उताराला लागायचे," युनिस हसली.

"आणि सिरिल पठ्ठ्या म्हणे, घर बरोबर आहे, इंग्लंडच तिरकं आहे," डेझमंड म्हणाला.

सिरिलला जाऊन अकरा वर्षं झाली होती. कारखाना त्याच्याही आधी बंद पडला. सिरिलनंतर घराखाली कुणी शिरलं नव्हतं.

"तू तरी शिरायचं होतंस, डेझ."

"माझे गुडघे पाहिलेस का? शिरलो असतो तर तिथेच पुरावं लागलं असतं मला."

"तेवढीच एक पाचर झाली असती."

इमोजननं चारही कोपरे पाहिले. मग पुन्हा पहिल्या कोपऱ्याकडे गेली. युनिस चहाचा कप हातात धरून, भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

"मिसेस गॅरड, दोनदा मोजलंय," इमोजन म्हणाली. "सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत खालच्या कोपऱ्यातला फरक, नऊ मिलिमीटर."