नाठाळ

"सही करणार नाही," मी म्हटलं, तसा साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, यंत्रं सगळ्यांना पसंत आहेत. खरेदीच्या कागदावर तुमची सही तेवढी राहिलीये."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला? बोर्ड तपासते मी!"

नवजात बाळांना श्वास देणाऱ्या मशीनचे सर्किट बोर्ड अठरा वर्षं मी हाताने तपासतेय. आता ते काम कॉम्प्युटर करणार. त्याच्या हुकमाने सिग्नल जनरेटर बोर्डात विजेची लाट सोडणार, पलीकडून येणारी लाट ऑसिलोस्कोप मोजणार. पडद्याकडे बघायला माणूसच नसणार, आणि साहेब भाळले ते विक्रेत्याच्या यंत्रांच्या पडद्यावर! केवढा मोठा, बोट लावलं की रंग बदलतो. अहो, बघणारंच कोणी नाही तर एवढं नटायचं कशाला? मला हवी होती ती जनरेटर-ऑसिलोस्कोपची दुसरी, बिनपडद्याची जोडी. दिसायला पत्र्याचे डबे, पण मी आठवडाभर पारखून घेतलेले.

"खरं सांगू?" साहेब म्हणाले. "कॉम्प्युटर आला की तुमचं टेबल जाणार. म्हणून हा खोडा."

झोंबलं मला. टेबल जाणार होतंच, ते मलाही ठाऊक होतं. मी ड्रॉवर उघडला आणि नाठाळला बाहेर काढलं.

नाठाळ म्हणजे एक बिघडलेला बोर्ड. नऊ वर्षांपूर्वी माझ्याच हातून तो पास झाला होता. पॅकिंगवाल्या मावशींना तो गरम लागला म्हणून परत आला, नाहीतर कुठल्या बाळाच्या उशाशी गेला असता देव जाणे. तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. नवं यंत्र कुठलंही येवो, त्याने आधी नाठाळला पकडायचं.

शेजारच्या खोलीत विक्रेत्याने दोन दिवस खपून आपली यंत्रं मांडली होती. मी आधी चांगला बोर्ड लावला. आकडा आला तीन पूर्णांक दोन एक चार सात. पास. मग नाठाळ लावला. तीन पूर्णांक दोन एक चार सात. पास.

"बघा मॅडम!" विक्रेता खूश.

"बघतेच आहे. शेवटचा आकडासुद्धा तोच? जुळी भावंडंही इतकी सारखी नसतात." मी बोर्डच काढून हातात घेतला. "आता मोजा."

तोच आकडा. पास.

साहेबांनी चष्मा परत चढवला. लाट बिघडलेली आली काय नि आलीच नाही काय, हा पठ्ठ्या मागचाच आकडा पुढे करत होता, तोही बिनदिक्कत.

"सेटिंग बदललं की होईल," विक्रेता पुटपुटला.

"सेटिंग तुम्हीच केलंत ना? तिकडे बाळ सेटिंगची वाट बघत बसणार नाही."

मग मी माझे पत्र्याचे डबे जोडले. नाठाळला हजार वेळा तपासायला लावलं. हजार वेळा नापास. बोर्ड काढला तर सरळ उत्तर आलं, लाट मिळाली नाही.

साहेब डब्यांजवळ आले. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे घेतले तर पुढच्या महिन्यात तुमचं टेबल उचलावं लागेल."

"उचला. पण ते खोटारड्यासाठी नाही उचलू देणार."

कागदावरचं नाव खोडून मी डब्यांचं नाव लिहिलं आणि सही केली.  मग नाठाळ साहेबांच्या हातात दिला.

"रोज सकाळी पहिला हा लावायचा," मी म्हटलं. "ज्या दिवशी पास होईल, त्या दिवशी मला हाक मारा. असेन तिथून येईन."