शाळेच्या दगडाची चव

जावईबापू, बसा हो जरा. चाय येतेय तवर आमच्या शाळेचा दगड कोणी कोणी चाटला ते सांगतो.

शाळा बघितलीत ना, खाडीकडची? काळा दगड, वर कौलं, चढायला सात पायऱ्या. वर्ग कमी पडले तशी नवी इमारत मंजूर झाली. कमिटीचा हैबतराव म्हणाला, "जुनी पाडा, एकच मोठी बांधू." त्याला सिमेंट बघितलं की भूक लागते. पण पेणची आर्किटेक्ट आली, सगुणाबाय. पोरगीच, पयलीच इमारत तिची. ती म्हणाली, "जुनी पाडायची नाय. नवी तिच्या बाजूला खाली बसेल, जमिनीलगत. जुनीचा मान राहील."

तिथंच उभा तुमचा सासरा, काळुराम. त्याच्या बापानं ह्या शाळेचे दगड होडीतनं वाहिलेले. पाडायचं नाव काढलं की हा गावाशी भांडायला उठतो. तरी बायची बाजू घ्यायची सोडून म्हणतो कसा, "बसंल खाली, नि उधाणाला पोरं बाकांवर उभी ऱ्हातील."

"पाणी इथवर येत नाय, काका. सगळ्यांना विचारलंय मी."

"दगडाला इचारलं?"

शाळेच्या भिंतीला बाहेरनं, जमिनीपासनं गुडघाभर उंचीवर पांढरी रेघ होती. बाय म्हणाली, "हा लोणा, ओलीनं येतो." काळुराम जन्मभर मिठागरात राबलेला. वाकला नि चाटला की दगड! "लोणा नाय, मीठ हाय. खाडीचं. घे, चाख गो."

हैबतराव खो खो हसला. "चाखा बाय, संगती पापड सांगू?"

बायनं ओढणी सावरलीन, वाकली, नि तिनंपण चाटलान. तोंड असं केलंन, जशी चिंच खाल्लीन.

"झालं तर!" हैबतराव म्हणाला. "पाणी येतंय तर पाडाच जुनी."

"का म्हणून?" बाय उसळली. "रेघ गुडघ्याला, वर्ग सात पायऱ्या वर. पाणी येतं, पायऱ्या भिजवतं, जातं. जुनी चुकली नाय, मी चुकले." नकाशा पिशवीत कोंबलान नि गेली.

महिन्यानं दुसरा आणलान. इमारत खांबांवर, फरशी जुनीच्या बरोबरीला, छप्पर मात्र तिच्या पागोळीपेक्षा हातभर खाली. काळुराम म्हणाला, "आगो, हिला तर पाय फुटले!"

बांधून झाली नि मोठं उधाण आलं. सगळी कमिटी बघायला. पाणी खांबांतनं फिरलं, दोन पायऱ्या भिजवल्यान, गेलं. हैबतरावानं पाडायचं नाव सोडलंन. जुनी वाचली.

उद्या उद्घाटन. बाय म्हणते, फीत काकाच कापणार, वर, दोन्ही इमारती जुळतात त्या पडवीत. नि हा म्हणतो, "मी पायरी चढत नाय. पोरपणी शाळेत गेलो नाय, आता कशाला?" म्हणजे बघा, जिच्यासाठी गावाशी भांडला तिच्या आत ह्यानं पाय ठेवलेला नाय! मी बोललो तर शिव्या घातल्यान. तुम्ही जावई, तुम्हाला नाय म्हणायला लाजंल. उद्या सकाळी त्याचा हात धरा नि तेवढा वर चढवा, बापू.