सत्तावन्न ठोक्यांचा मानकरी

मी शेंदरी-काळ्या पट्ट्याचा जुना ढोल आहे आणि सध्या काचेमागे राहतो. काळ्या समुद्राकाठच्या पोयराझस्पोर या फुटबॉल क्लबाच्या कचेरीत, दोन चषकांच्या मधोमध माझी जागा आहे. मित्रांनो, क्लबाने आजवर दोनच चषक जिंकले, म्हणून तरी मला जागा मिळाली.

माझा जन्म १९७४ चा. खोड अक्रोडाच्या लाकडाचे, दोन्ही पाने बकरीच्या कातड्याची. हायरेत्तिन उस्ताने (उस्ता म्हणजे उस्ताद) मला घडवले आणि पुढे चाळीस वर्षे त्यानेच मला वाजवले. उन्हाळ्यात लग्ने, हिवाळ्यात सामने. क्लब त्याआधी सात वर्षे होडी बांधणाऱ्या सुतारांनी काढला होता. रंग निवडायला बसले तेव्हा कारखान्यात शेंदराचे डबे आणि डांबर उरले होते. तेच क्लबाचे रंग झाले.

आमच्या भागातल्या गाड्यांच्या पाटीवर सत्तावन्न हा आकडा असतो. म्हणून सामन्याचे सत्तावन्नावे मिनिट आमचे. आपण चार गोलांनी मागे असलो तरी त्या मिनिटाला प्रेक्षकांचा सगळा सज्जा उभा राहतो. आधी एकटा ढोल सत्तावन्न ठोके देतो, तोवर कुणी ब्र काढत नाही. शेवटच्या ठोक्यानंतर जी आरोळी उठते ती बंदरातल्या बोटींपर्यंत जाते. ते ठोके माझे होते. ढोलवाला लोकांकडे तोंड करून उभा राहतो, मैदानाकडे त्याची पाठ. त्यामुळे मी एकही गोल पाहिलेला नाही. समोरच्या तोंडांवरून मला कळायचे.

आमच्याकडे पाऊस फार. कातडे भिजले की सैल पडते. मग मध्यंतरात हायरेत्तिन मला सज्ज्याखालच्या चहाच्या शेगडीवर शेकायला न्यायचा. चहावाला कुरकुरायचा, "उस्ता, किटली उतरवू की तुझं बाळ चढवू?"

"बाळ आधी," हायरेत्तिन म्हणायचा. "किटलीला कुणी टाळ्या देत नाही."

२०११ मध्ये एका सामन्यात पावसाने दमच घेतला नाही. मी भिजलेल्या उशीसारखा वाजलो. पलीकडचा, पाहुण्या संघाचा सज्जा ओरडला, "ढोल वाजवताय की कणीक मळताय?" पुढच्याच आठवड्यात निल्गुन नवा ढोल घेऊन आली. ती बँकेत नोकरी करते आणि सामन्याला कधी चुकत नाही. शेंदरी रंगाचा, प्लास्टिकच्या पानांचा तो डबा पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघाला. त्याला शेकावे लागत नव्हते, त्याच्या दोऱ्या आवळाव्या लागत नव्हत्या. भर पावसात तो खणखणत राहिला आणि लोक मान डोलावू लागले.

तीन वर्षे आम्ही शेजारी होतो. मी रोज त्याच्या फुटण्याची वाट पाहिली. एकदा तो पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. माझा आनंद मला लपवता आला नाही. तो वर आला तेव्हा त्याच्यावर ओरखडाही नव्हता.

मग हायरेत्तिनचा खांदा गेला आणि मला काचेमागे ठेवले. सगळे त्याला सन्मान म्हणाले. भिंतीपलीकडे मैदान आहे. दर घरच्या सामन्याला मला ते ठोके ऐकू यायचे आणि मी मोजायचो. एकदा त्या शेंदरी डब्याने अठ्ठावन्न मारले. कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्या आले.

२०१७ मध्ये क्लबाला पन्नास वर्षे झाली. हंगामाच्या शेवटच्या घरच्या सामन्यात सत्तावन्नावे मिनिट मला द्यायचे ठरले. मला वाटले, एकदा माझा आवाज लोकांनी ऐकला की ते त्या डब्याचे नाव घेणार नाहीत. क्लबाचा सचिव बुऱ्हान स्वतः होड्या बांधतो. आमच्या गावात ज्यावर जीव असतो त्याला वार्निश लावतात. होडीला लावतात, दाराला लावतात, वडिलांच्या खुर्चीलाही लावतात. बुऱ्हानने मला प्रेमाने तीन हात दिले, खोडाला आणि पानांनाही. खोटे कशाला बोलू, मित्रांनो? मला ते आवडले. त्या डब्यापेक्षा मी जास्त चमकत होतो.

सामन्याला त्र्याहत्तर वर्षांचा हायरेत्तिन कोट घालून आला. निल्गुनने पट्टा त्याच्या चांगल्या खांद्यावर बांधला. दोन हजार माणसे उभी राहिली आणि गप्प झाली. त्याने जाड टिपरू उचलून मारले.

मासा फळीवर आपटावा तसा आवाज आला.

त्याने पुन्हा मारले. पुन्हा तेच. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, "उस्ता, दार उघडा, बाहेर कुणी ठोठावतंय." हशा पिकला. हायरेत्तिनने पानावर बोट फिरवले, बोटाचा वास घेतला.

"बुऱ्हान, वार्निश लावलंस?"

"तीन हात, उस्ता. होडीचं. पंधरा वर्षं पाणी आत शिरणार नाही."

"पाणी नाही शिरणार. आवाजही नाही निघणार."

बुऱ्हानची मान खाली गेली. मिनिट सरत होते. सगळ्यांचे डोळे निल्गुनकडे वळले. तिचा ढोल गळ्यात होता. तिने मनात आणले असते तर सत्तावन्न ठोके तिथेच वाजले असते आणि मी कायमचा संपलो असतो. तिच्या जागी मी असतो तर मी वाजवले असते.

"उस्ता, तुम्ही सुरू करा," ती म्हणाली. "मी मागून येते."

"कशावर सुरू करू, पोरी?"

"खोडावर. ते अजून अक्रोडच आहे ना?"

हायरेत्तिनने बारीक काठी घेतली आणि माझ्या कडेवर मारली. कोरडा, बारीक आवाज. त्यामागून तिच्या ढोलाचा एक ठोका, हलका, माझ्या आवाजाला झाकणार नाही असा. पुढे तसेच चालले, एक माझा, एक त्याचा. दोन हजार माणसे कान देऊन ऐकत होती. मी मोजत होतो. माझे सत्तावन्न, त्याचे सत्तावन्न. एकही जास्त नाही.

सामना आम्ही एका गोलाने हरलो.

परवा हायरेत्तिनने माझी पाने कापून काढली. निल्गुन म्हणाली, "माझ्याकडे प्लास्टिकचं एक जादा आहे."

"तोंड सांभाळ," तो म्हणाला.

नवे कातडे पाण्यात भिजत पडले आहे. त्याच्या हातात आता दोऱ्या आवळण्याचा जोर नाही, म्हणून तो तिला शिकवणार आहे. दरम्यान मी पानांवाचून चषकांच्या मधोमध बसलो आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. तिला चमकवण्याआधी, जो ती वापरत होता त्याला एकदा विचारा. आणि जमले तर तिला काचेमागे ठेवू नका. आम्ही नुसते बघायला ठेवण्यासाठी जन्मलेलो नसतो.

पुढच्या हंगामात पाऊस पडला की मध्यंतरात निल्गुन मला शेगडीवर न्यायला उचलेल. मी आत चहाच्या वाफेत शेकत बसेन आणि तो शेंदरी डबा, ज्याला कधीच शेकावे लागत नाही, बाहेर पावसात एकटा तिची वाट बघेल. मला तेवढे पुरेल.