तिसरी खुर्ची आणि पास नसलेला मेव्हणा

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. मी बागेतली नव्हे, न्हाव्याच्या दुकानातली तर मुळीच नव्हे. मी विमानाच्या कॉकपिटमध्ये राहते. तिथे पुढे दोन रुबाबदार खुर्च्या असतात. डावीकडची कॅप्टनची, उजवीकडची सहवैमानिकाची. त्यांच्या मागे, दाराला खेटून भिंतीत मिटून बसलेली असते, ती मी. पट्टा ओढला की उघडते, सोडला की धाडकन मिटते. वैमानिक मला जंपसीट म्हणतात, पण माझ्यावरून उडी मारलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करते. तीस वर्षं ढगांच्या वर काढली की थोड्या थापा अंगात मुरतात. पण आज जी भीती सांगणार आहे, तिच्यात थाप नाही. ती आठवली की अजून माझ्या बिजागऱ्या थरथरतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्मल्या दिवशीच मला घट्ट आवळून माझ्यावर वाळूची पोती आदळली. मी मोडते का, ते बघायचं होतं म्हणे. मी मोडले नाही, पण भित्री झाले ती कायमची. उड्डाणाच्या वेळी पुढच्या दोन खुर्च्या ऐटीत असायच्या आणि मी मात्र डोळे मिटून चाकं जमीन सोडायची वाट बघायचे. मला डोळे नाहीत, हे तुम्ही मनात म्हणालात. ऐकू आलं मला!

माझ्यावर बसायचे ते बहुतेक दुसरे वैमानिक. कुणी काम संपवून घरी निघालेला, कुणी कामावर चाललेला, आणि विमानात एकही जागा रिकामी नाही. मग तो टोपी काखेत धरून कॉकपिटच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "कॅप्टन, घेऊन चलता का?" तो आपल्या कंपनीचा असो की परक्या कंपनीचा, कॅप्टन म्हणायचे, "या, बसा." नाही म्हणायची पद्धतच नव्हती. आज नाही म्हणणारा उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात उभा असायचा ना!

काय एकेक नमुने बसले माझ्यावर! एकाचे गुडघे इतके पुढे यायचे की कॅप्टन त्यांवर नकाशा पसरून ठेवायचे. एक जण असा घोरायचा की प्रवाशांना वाटे, विमानाला तिसरं इंजिन लावलंय. मला फार मान होता, मित्रांनो. उतरताना प्रत्येक जण मला हातानं थोपटून जायचा.

मग भांडण लागलं.

कंपनीच्या ऑफिसातून एक फर्मान निघालं. तिसरी खुर्ची कंपनीची आहे, तिच्यावर कोण बसेल ते ऑफिस ठरवेल आणि तसा छापील पास देईल. पास नसलेल्या माणसाला बसवलं तर त्या कॅप्टनचं उडणं बंद. वैमानिक खवळले. "माझ्या पाठीशी कोण बसणार ते टेबलामागचा बाबू ठरवणार?" असं म्हणत त्यांनी पास असलेल्यांनाही दारातून परत पाठवायला सुरुवात केली. कुणाला सांगितलं वजन जास्त झालंय, कुणाला सांगितलं खुर्ची मोडलीय. मी चांगली धडधाकट होते हो! पण खुर्चीला कोण विचारतो?

पुढे प्रकरण संपावर गेलं. बरेच वैमानिक घरी बसले आणि काही जण कामावर गेले. संप मिटला, पण घरी बसलेले आणि कामावर गेलेले एकमेकांशी बोलेनासे झाले. पासाचा नियम तसाच राहिला. मी भिंतीत मिटून धूळ खात पडले. एक दिवस मेकॅनिक मामा टॉर्च घेऊन आले आणि माझ्यावर प्रकाश टाकून म्हणाले, "वापरत नाहीत तर काढून टाकू हिला. बारा किलो वजन वाचेल." त्या दिवसापासून दार उघडलं की माझी पाचावर धारण बसायची.

आणि अशातच ती दुपार आली.

त्या दिवशी आमचे कॅप्टन होते मिशीवाले. खरं नाव सगळे विसरले होते, कारण मिशी नावापेक्षा मोठी होती. सहवैमानिक होती एक तरुण बाई, तिला सगळे धाकटी म्हणत. विमान गच्च भरलं होतं. दार वाजलं आणि टोपी काखेत धरून एक वैमानिक उभा राहिला. त्याला बघताच कॅप्टनची मिशी ताठ झाली. तो त्यांचा सख्खा मेव्हणा होता. संपात मिशीवाले घरी बसले होते आणि मेव्हणा कामावर गेला होता. दोन वर्षं दोघांत एक शब्द नव्हता.

"दाजी, घेऊन चला," मेव्हणा म्हणाला. "संध्याकाळी आईच्या डोळ्यांची पट्टी सुटणार आहे. पहिल्यांदा माझं तोंड बघायचंय म्हणते."

"पास?"

"ऑफिसवाले म्हणतात, तीन दिवस लागतील."

"संपात ऑफिस तुझं लाडकं होतं. तेव्हा बरे पटापट कागद मिळत होते!"

धाकटी खिडकीबाहेर बघू लागली. मिशीवाल्यांनी घड्याळ बघितलं, मग दार बघितलं. आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्यांना नाही म्हणून घरी काय तोंड दाखवणार?

"बस," ते शेवटी म्हणाले. "पण खाली उतरेपर्यंत तोंडातून एक शब्द नको. श्वास घेतलास तरी चालेल, पण आवाज नको." मग ते धाकटीकडे वळले. "तूही कामापुरतं बोल. आज माझं डोकं ठिकाणावर नाही."

दोन वर्षांनी मला कुणीतरी उघडलं. आनंद व्हायला हवा होता, पण मला वाटलं ती भीतीच. पकडले गेलो तर कॅप्टन घरी आणि मी भंगारात. मेव्हणाही घाबरला होता, ते मला त्याच्या पायांवरून कळत होतं.

आता नीट ऐका. विमान किती उंच आहे हे सांगणारी एक तबकडी असते. ती हवेचा दाब मोजून उंची सांगते. दाब सारखा बदलतो, म्हणून उतरण्याआधी विमानतळ त्याचा ताजा आकडा कळवतो आणि दोघे वैमानिक आपापल्या तबकडीवर तो लावतात. आकडा चुकला तर तबकडी सरळ चेहऱ्यानं थाप मारते. माझ्या थापेनं फार तर तुम्ही हसाल. तिच्या थापेनं माणसं मरतात. म्हणून एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा, अशी रीत आहे.

आम्ही चाललो होतो ते विमानतळ छोटं होतं. तिथला आकडा माझ्या शेजारच्या यंत्रातून कागदाच्या पट्टीवर छापून यायचा. पट्टी आली. मिशीवाल्यांनी ती फाडली आणि न वाचताच समोरच्या चिमट्यात खोचली. तिच्याखाली सकाळची जुनी पट्टी होतीच. इतक्यात विमान ढगात शिरलं आणि असा दणका बसला की नवी पट्टी निसटून तरंगत खाली आली आणि माझ्या पायापाशी पडली.

तिच्यावर लिहिलं होतं ९९६. चिमट्यात उरली होती सकाळची पट्टी, १०१४.

मिशीवाल्यांनी चिमट्याकडे बघून १०१४ लावलं. मोठ्यानं वाचलं नाही, नुसता अंगठा दाखवला. धाकटीनं त्यांच्या तबकडीकडे बघून तोच आकडा लावला. तिनंही परत म्हटला नाही, नुसती मान हलवली. रुसलेल्या घरात ताटं वाढतात ना, तसं सगळं मुक्यानं चाललं होतं.

मित्रांनो, माझ्या अंगातलं लोखंड गार पडलं. तबकडी म्हणत होती दोन हजार फूट. खरे होते पंधराशे! समोर ढग, आणि ढगात टेकडी. टेकडीवर तारांचा मनोरा. आणि आम्ही अजून खालीच चाललो होतो. मागे दीडशे माणसं पट्टे बांधून बसली होती आणि खरा आकडा ठाऊक असलेली मी एकटीच, तीही मुकी!

मग मी काय केलं? विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी मेव्हण्याच्या मांडीला चिमटा काढला. माझ्या घडीच्या फटीत त्याची पँट पकडली आणि जोरात दाबली. तो दचकून खाली वाकला आणि त्याला पट्टी दिसली.

त्यानं पट्टी बघितली, मग तबकडी बघितली. त्याचं तोंड उघडलं आणि परत मिटलं. एक शब्द नको, असं दाजी म्हणाले होते. तो एक क्षण मला माझ्या तीस वर्षांपेक्षा लांब वाटला. बोल रे बाबा, बोल!

"दाजी, आकडा चुकलाय!"

"तुला काय सांगितलं होतं मी? एक—"

"नऊशे शहाण्णव! पट्टी खाली पडलीय! शिव्या नंतर द्या, आधी वर चला!"

मिशीवाले गर्रकन मागे वळले. पण धाकटी वळली नाही. तिनं "वर घेतेय!" असं ओरडून विमानाचं नाक वर उचललं. इंजिनं किंचाळली. मी आणि मेव्हणा एकमेकांना घट्ट चिकटलो. ढगाला भोक पडलं आणि त्यातून मनोऱ्यावरचा लाल दिवा आमच्या खिडकीखालून सर्रकन गेला. इतक्या जवळून, की त्याच्या काचेवरची धूळ मला दिसली. धुळीवर एक कावळाही बसला होता म्हणणार होते, पण राहू द्या.

दुसऱ्या फेरीत आम्ही नीट उतरलो. प्रवाशांना काही कळलं नाही. ते "थँक्यू, थँक्यू" म्हणत उतरून गेले. कॉकपिटमध्ये मात्र तिघंही बसून राहिले. मिशीवाल्यांना स्वतःचा पट्टाही सोडता येईना. तो मेव्हण्यानं मागून वाकून सोडला.

अशी चूक झाली की कॅप्टननं एक फॉर्म भरायचा असतो. त्यात एक रकाना असतो: तिसऱ्या खुर्चीवर कोण होते?

"लिहू नका, दाजी," मेव्हणा हळूच म्हणाला. "पास नव्हता माझ्याकडे. तुमचं उडणं बंद होईल. तो रकाना कोरा ठेवा."

"कोरा ठेवला तर मग आकडा कुणी पकडला म्हणून लिहू? खुर्चीनं?"

मी कान टवकारले, पण त्यांनी तसं लिहिलं नाही.

"सर," धाकटी म्हणाली, "मीही नुसती मान हलवली. ते मी लिहिणार आहे. नाही लिहिलं तर उद्या दुसऱ्या विमानात दुसरं कुणीतरी अशीच मान हलवेल."

मिशीवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता स्वतःशीच वाचलं: "माझा मेव्हणा. माझ्या परवानगीने बसला. पास नव्हता. त्याने बोलू नये, असे मी बजावले होते. तरी तो बोलला."

मेव्हण्यानं तोंड फिरवलं आणि कितीतरी वेळ तो मला थोपटत राहिला.

इथे मला थाप मारायचा फार मोह होतोय. मिशीवाल्यांना हार घातले, कंपनीनं माफी मागितली, असं सांगायला काय जातंय? पण तसं झालं नाही. त्यांचं उडणं बंद झालं. ऑफिस म्हणालं, बघा, पास नसल्यामुळे घोटाळा झाला. वैमानिक म्हणाले, बघा, तिसऱ्या खुर्चीमुळे विमान वाचलं. दोन्ही बाजू आणखी मोठ्यानं भांडू लागल्या. माझं काय करायचं, ते अजून ठरायचंय. मेकॅनिक मामा टॉर्च घेऊन येतात, बघतात आणि जातात. डावीकडच्या खुर्चीवर आता दुसरे कॅप्टन बसतात. ते आकडा मोठ्यानं वाचतात, इतक्या मोठ्यानं की मी दचकते. ते दचकणं मला आवडतं.

मित्रांनो, खुर्च्यांना तेल घाला, पट्टे तपासा, ते सगळं कराच. पण मला भीती वाटते ती गंजाची नव्हे, मिटलेल्या तोंडांची. कुणावर रागावलात तर खुशाल रागवा, अबोला धरा, त्याच्या लग्नाला जाऊ नका. पण तुम्ही पुढे बसला असाल तर मागच्याचं तोंड बंद करू नका. आणि मागे बसला असाल तर भीती जायची वाट बघू नका, कारण ती जात नाही. पाय लटपटत असतील तसेच राहू द्या, आणि बोला.