भट्टीवरचा लाल रस

उजाडता उजाडता भट्टीवरच्या काचपात्रातला काळा रस लाल झाला. सालोमेनाने आधी डोळे चोळले, मग भावाला गदागदा हलवून उठवलं. मातौश तसाच अनवाणी धावला. माणसाला अमर करणाऱ्या या रसापायी दोघं बहीणभाऊ तरुणपणापासून व्लतावा नदीकाठच्या त्या घरात धूर खात आले होते. पाऱ्याच्या वाफांनी मातौशचे हात कायमचे कापरे झाले होते, आणि गावाने दोघांनाही कधीच वेड्यांत काढलं होतं.

रस निघाला जेमतेम दोन घोट. खरा की खोटा, हे कळणार कसं? चुलीपाशी त्यांचा आंधळा म्हातारा कुत्रा ब्रोक शेवटच्या घटका मोजत पडला होता. सालोमेनाने एक घोट त्याच्या जबड्यात ओतला.

ब्रोकने जीभ फिरवली, उठून अंग झटकलं आणि टेबलावरचं सॉसेज पळवून तो दारातून सुसाट सुटला. भर बाजारात त्याने बदकं उधळली, पाववाल्याची टोपली उलथवली. दोघं दारात उभी राहून हसता हसता रडायला लागली.

बातमी गढीवर पोचायला कितीसा वेळ लागणार? तिथले सरदार म्हातारे, आजारी, आणि साध्या चुकीसाठी माणसं तळघरात कुजवणारे. त्यांचे शिपाई पूल ओलांडताना खिडकीतून दिसले.

"दादा, लवकर पिऊन टाक," सालोमेना म्हणाली.

"आणि या हातांनी युगानुयुगं काढू? तूच पी."

"मी एकटी काय करू रे इतकी वर्षं?"

"ते तुझं तू बघ. पण तो थेरडा सरदार अमर झाला, तर गावाची पतवंडंसुद्धा आपल्या नावाने बोटं मोडतील."

तिने डोळे मिटून घोट घेतला. अंगभर ऊब पसरली, गुडघ्यांची कळ थांबली, खिडकीबाहेरचं एकेक पान तिला लख्ख दिसू लागलं. तोवर मातौशने ब्रँडीत रासबेरीचा पाक कालवून बाटली भरली आणि शिपायांच्या हाती अदबीने ठेवली.

सरदार ती पिऊन दरबारात नाचले म्हणे. गढीवर जल्लोष चालू असताना बहीणभाऊ कुत्र्याला घेऊन घोडागाडीतून दक्षिणेला निघून गेले.

पुढे मातौश लिंझ शहरात वारला. तोवर सालोमेना इतकी तरुण दिसू लागली होती की शेजारीपाजारी तिला त्याची नात समजत. तो तिला मुद्दाम "नातबाई" म्हणून चिडवायचा, अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा. ती महिनाभर रडली. मग एका सकाळी घोडा विकून डॅन्यूब नदीच्या धक्क्यावर गेली. नावाड्याने कुठे उतरणार म्हणून विचारलं.

"तुझी नाव कुठवर जाते?"

त्याने पाच-सहा गावं सांगितली. त्यांतलं एकही तिने पाहिलं नव्हतं. ब्रोकला घेऊन ती नावेत चढली.