डाव्या कानाची गोष्ट

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे. बुधवार पेठेतल्या दुकानातून श्रीधरराव साउंडवाल्यांनी मला विकत घेतले आणि मी पुण्यातली मंगल कार्यालये हिंडू लागलो. मुंजी, बारशी, निरोपसमारंभ! लोक माझ्यापुढे गायले, रडले, अडखळले. मला सगळ्यांचे कौतुक वाटे.

राग होता तो फक्त अवधूतरावांचा. ते हौशी निवेदक, जिभेचे तिखट. मी जरा खरखरलो की माझ्या डोक्यात चापट मारून म्हणत, "घरीही हाच उपाय चालतो." सभागृह खदखदून हसे. त्यांच्या पत्नी उल्काताईही पहिल्या रांगेत बसून हसत. मग ठरलेला विनोद येई, "आमच्या हिचा डावा कान संपावर आहे. म्हणून तर संसार टिकला!"

कान संपावर गेला कसा, हे कोणी विचारले नाही. त्या चापटा खाऊन मला मात्र अंदाज आला होता. मी डूख धरला. ऐन विनोदात शिट्टी वाजवू लागलो. एकदा त्यांनी मला टेबलावर आपटले, तेव्हाच ही जाळी चेपली.

पुढे त्यांची एकसष्टी आली. पाहुण्यांनी आग्रह केला, "वहिनी, दोन शब्द बोला."

"आटोपतं घे, लोकांना जेवायचंय," अवधूतराव म्हणाले.

उल्काताईंनी मला अलगद उचलले.

"यांचा हात फार बोलका," त्या म्हणाल्या. लोक हसले. "पहिल्या दिवाळीत आमटी अळणी झाली. तेव्हा तो माझ्या डाव्या कानाशी इतकं मोठ्यानं बोलला, की पुन्हा त्या कानानं कोणाचंच ऐकलं नाही."

काही जण हसू लागले आणि मधेच थांबले.

"चेष्टा करतेय हो ती!" अवधूतराव घाईने म्हणाले.

"हो तर. तुमच्याकडूनच शिकले. इतकी वर्षं सगळे हसायचे. आज काय झालं?"

"श्रीधर, बंद कर तो माईक!"

श्रीधररावांनी बटण फिरवले, पण उलट्या बाजूने. आवाज वाढला. जन्मभर खरखरणारा मी त्या दिवशी एकदाही खरखरलो नाही. उल्काताईंचा शब्द न् शब्द मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. माझ्या प्रत्येक चापटीची परतफेड झाली.

"जेवून घ्या आता," त्या शेवटी म्हणाल्या. "आमटीत मीठ आहे."

तिथूनच त्या लेकीच्या, स्वरालीच्या घरी गेल्या, त्या परतल्या नाहीत. अवधूतरावांना आता निवेदनाला कोणी बोलावत नाही. ते श्रीधररावांच्या दुकानासमोरून मान खाली घालून जातात. मला दया येत नाही, मित्रांनो. खोटे कशाला सांगू?

हल्ली नवे बिनतारी माईक आले आहेत, मी खोक्यात पडून असतो. एवढेच मागणे आहे. आम्हा वस्तूंना हळू हाताने वापरा. आणि कोणी हसत हसत दुसऱ्याच्या अधू कानाची गंमत सांगू लागला, तर ज्याचा तो कान आहे त्याच्याजवळ जा. विचारा, "कशानं झालं?" उत्तर येईपर्यंत हसू नका.